अकरा दिवसांची वाट

मोजणीदाराने चौतीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या. साखळी, दुर्बीण, खुंट्या आणि नकाशे यांतच त्याचा जन्म गेला. कुठलंही ठिकाण सांगा, किती अंतर आणि पोचायला किती वेळ, हे तो बसल्या जागी सांगायचा. त्यामुळे निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली, तेव्हा रडून झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वेळापत्रक आखलं. तिसऱ्या महिन्यात बोलणं, पाचव्यात काठी घेऊन चालणं, आठव्यात स्वयंपाक. चौकोन पाडून, काळ्या शाईने, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर.

पाचवा महिना सरला तरी बायकोची गाडी 'हं' आणि 'नाही' यांच्या पुढे सरकली नव्हती. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची आणि जाताना दर वेळी बजावायची, की काका, घाई करू नका. तिची पाठ वळली की हा पुन्हा चित्रांचे पत्ते घेऊन बसायचा. हे काय? कप. म्हण, कप. बायको ओठ हलवायची, घाम पुसायची आणि शेवटी तोंड फिरवायची. एका सकाळी तिने डाव्या हाताने सगळे पत्ते टेबलावरून खाली लोटून दिले. त्याने ते गुडघ्यांवर बसून एकेक करून गोळा केले. पुढच्या रविवारपासून त्याने प्रार्थनेला जायचं सोडलं. देवाला कामाची मुदत पाळता येत नसेल, तर आपण तरी हजेरी कशाला लावायची, असं त्याने धाकट्या बहिणीला तोंडावर सांगितलं.

बहीण प्रार्थनागृहात मुलांचा वर्ग घ्यायची. ती वाद घालायच्या फंदात पडली नाही. चार दिवसांनी कागदाची भली मोठी गुंडाळी काखेत मारून आली. मुलांना इस्राएल लोकांची गोष्ट शिकवायची होती. मिसरच्या गुलामीतून ते सुटले, रानावनात भटकले आणि देवाने कबूल केलेल्या देशाच्या सीमेवर पोचले, ती सगळी वाट तिला भिंतीवर लावायची होती. असा नकाशा काढणारा दुसरा माणूस आपल्याला तरी माहीत नाही, असं ती म्हणाली. भावाला हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या लोकांचा पुढारी मोशे याने लिहून ठेवलेली मुक्कामांची यादी ती ठेवून गेली. मोजणीदाराने चष्मा लावला आणि तासाभरात त्याचं डोकं फिरलं. चाळीसच्या वर मुक्काम, पण अंतरं नाहीत, दिशा नाहीत. निम्मी गावं कुठे होती, हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्यात भर म्हणून एके ठिकाणी त्याला सापडलं, की होरेब डोंगरापासून त्या सीमेपर्यंत वाट फक्त अकरा दिवसांची. तो तरातरा बायकोकडे गेला.

"अकरा दिवसांची वाट, आणि यांना चाळीस वर्षं लागली. अशा माणसाला मी माझ्या हाताखाली एक दिवस ठेवलं नसतं."

बायको हसली. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली. त्याला ते इतकं बरं वाटलं, की त्याने तिची खुर्ची टेबलाशी ओढून घेतली आणि रंगाचा डबा तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

नकाशावर कडू पाण्याचं मारा ओलांडून दोघं एलीमच्या मुक्कामापर्यंत आली. तिथे बारा झरे आणि खजुरीची सत्तर झाडं होती. मोजणीदारांच्या रीतीप्रमाणे एक झाड काढून त्याने काम उरकलं. बायकोने मान हलवली, ब्रश घेतला आणि त्या झाडाशेजारी वेडंवाकडं दुसरं काढलं. मग आणखी एक.

"तीन," ती म्हणाली.

त्याचा हात हवेतच राहिला. ती वर न बघता झाडं काढत होती आणि मोजत होती. चार, पाच, सहा. एकोणपन्नासला अडखळली, सत्तेचाळीसपासून पुन्हा आली आणि पुढे गेली. सत्तर म्हणून तिने ब्रश खाली ठेवला, तेव्हा एलीमच्या हिरव्या रंगाने नकाशावरचा अर्धा समुद्र व्यापला होता आणि मोजणीदाराला समोरचं काही दिसत नव्हतं.

त्याने लगेच फोन फिरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण आली, थेरपिस्ट आली. त्याने नकाशा बायकोपुढे सरकवला आणि मोज म्हणाला. बायकोने ओठ उघडले, मिटले. त्याने पुन्हा सांगितलं. तिचे डोळे भरून आले. थेरपिस्टने समजावलं, की आकडे सवयीने जिभेवर येतात, शब्दांना वेळ लागतो. खूण चांगली आहे, पण हुकमावर येणारी नाही.

बहीण त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"दादा, रानात त्यांना रोज सकाळी खायला मान्ना मिळायचा, आभाळातून पडलेला. त्या दिवसापुरता. उद्यासाठी झाकून ठेवला की त्यात किडे पडायचे. तू काल मिळालेलं झाकून ठेवलंस."

ओट्यावर शेजारणीने आणून ठेवलेला डबा होता. झटका आल्यापासून सकाळचा डबा एक दिवस चुकला नव्हता, आणि आपल्या वेळापत्रकात त्यासाठी एकही चौकोन नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

सकाळी तो पुन्हा यादी घेऊन बसला. आता त्याला वेगळंच काही दिसलं. निघाले, तळ दिला. निघाले, तळ दिला. कितीतरी मुक्कामांवर काही म्हणजे काही घडलेलं नव्हतं. कचेरीत असे मुक्काम त्याने लाल पेन्सिलने उडवले असते. इथे कुणीतरी प्रत्येकाचं नाव जपून ठेवलं होतं. त्याने भिंतीवरचं वेळापत्रक काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख घालून लिहिलं, 'आज काही नाही.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'चमच्याने स्वतः जेवली.' मग तीन दिवस काही नाही. मग 'पाणी म्हणाली. हवा होता चहा.' सातव्या महिन्यात एकदा, 'काठी धरून दारापर्यंत.'

नकाशा पुरा व्हायला आठवा महिना उजाडला. रविवारी बायकोने काठी मागितली. ती गुंडाळीकडे आणि मग दाराकडे बोट दाखवत राहिली. प्रार्थनागृह हाकेच्या अंतरावर, त्याच्या पायांनी चार मिनिटं. औषधाच्या दुकानाच्या पायरीशी ती उभी राहिली.

"थांबा."

वर्ग सुरू झाला असेल, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला. रस्त्यावरून माणसं जात होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. ही बाई आपल्याला कुठे नेते आहे आणि केव्हा पोचवणार, हे त्याला माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याला भीतीही वाटत नव्हती. बऱ्याच महिन्यांनी त्याने मनातल्या मनात देवाला हाक मारली. मागितलं मात्र काहीच नाही.

"चला," ती म्हणाली, आणि दोघं उठली.

पुढच्या वर्षभरात ती लहान लहान वाक्यं बोलायला लागली. उजवा हात पूर्ण असा कधी बरा झालाच नाही, म्हणून स्वयंपाक आता मोजणीदार करतो. भाजीत मीठ कमी पडलं, की बायको ते अगदी स्पष्ट शब्दांत सांगते.