‘थोडं थांब’ म्हणणाऱ्या पाळकाची सायकल

मी एक सायकल बोलतेय. एटापल्लीच्या चर्चचे धर्मगुरू शांतवन पाळक, त्यांची सायकल म्हटलं की या भागातली जुनी माणसं मला अजून ओळखतात.

ब्रह्मपुरीच्या इब्राहीमभाईंनी माझे सुटे भाग जुळवले आणि हँडलला लाल गोंडे लावले. “पाळकसाहेब, हे तुमाले रस्त्यात कधी सोडनार नाई,” असं म्हणून त्यांनी मला साहेबांच्या हवाली केलं. गोंडे वर्षभरात गळाले, पण भाईंचा शब्द मी पाळला.

पुढे साहेबांची बदली एटापल्लीला झाली. गावोगावच्या उपासना घ्यायच्या, शिवाय ज्याला ‘देवानं मला पाळक व्हायला बोलावलंय’ असं वाटे, त्याचं पाचारण खरं की नुसती हौस, हेही पारखायचं. साहेबांनी चंद्रपूरच्या चर्च-मंडळापुढे शब्द टाकला, तरच तो पोरगा सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, शिकायला जाणार.

साहेबांची पारखायची रीत न्यारी होती. उमेदवारानं मला हाणायचं आणि साहेबांनी मागे कॅरिअरवर बसून प्रश्न विचारायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणा हवं तर! पण चढावर दम लागला की माणसाला सजवून बोलता येत नाही. एक पोरगा असाच धापा टाकत म्हणाला, “साहेब, पाळकाले जीप भेटते ना?” साहेब हसून म्हणाले, “मंग ड्रायव्हर हो ना बाबा, त्यात कमीपणा नाई.” त्याला त्यांनी प्रेमानं घरी पाठवलं.

चौऱ्याण्णव साली सुकलू आला. सूरजागडच्या पायथ्याच्या गावातला, धानाची शेती करणाऱ्या गोंड घरातला तरणा गडी. साहेबांनी विचारलं, “पाचारण झालं, हे तुले कसं समजलं?”

चढ लागला तसा सुकलू पायडलवर उभा राहिला. मग म्हणाला, “समजलं नाई, साहेब. कोनी बिमार पडलं का माह्ये पाय तिकडंच जातात. मंग मीच देवाले विचारून राह्यलो, हे तूच नेतं का मले?”

साहेबांनी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. निवड झाली, हे मला तेव्हाच कळलं.

नेमके त्याच वर्षी साहेबांचे गुडघे गेले. सुकलू त्यांना मागे बसवून गावोगाव नेऊ लागला. नाला आला की आधी साहेबांना पाठीवर घेऊन पार करी आणि मग मला न्यायला परत येई. मंडळानं नावं मागवली तेव्हा साहेब म्हणाले, “सुकलू, थोडं थांब. वाचन वाढव.” पुढच्या वर्षी म्हणाले, “थोडं थांब, प्रवचन अजून कच्चं हाय.” ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. दुखरे गुडघे जमिनीवर टेकून ते त्याच्यासाठी प्रार्थना करत. स्वतःची समजूत मात्र माणूस फार छान घालतो!

त्यांच्या बायकोनं, कमळाबाईंनी, एकदा तोंडावर विचारलं, “त्याची परीक्षा घेऊन राह्यले, का आपली सोय पाहून राह्यले?” साहेब चहा तसाच टाकून निघाले. त्या दिवशी कॅरिअरवर ते फार जड वाटले.

अशी बरीच वर्षं गेल्यावर शेवटी ते सुकलूला मंडळापुढे घेऊन गेले. पण तिशी उलटलेल्याला सेमिनरीत पाठवायचं नाही असा मंडळाचा नियम होता आणि सुकलूची तिशी उलटली होती. चंद्रपूरहून बसनं दोघं परतले. स्टँडवरून घरापर्यंत सुकलू नेहमीसारखाच पायडल मारत होता. साहेबांनी वाटेत एकही प्रश्न विचारला नाही.

नंतर एका पावसाळ्यात साहेब खाटेला खिळले. नाले भरून वाट तुटलेली, दुसरा पाळक पुरापलीकडे. साहेबांना जाण्याआधी प्रभुभोजन हवं होतं, येशूच्या स्मरणात पाळकाच्या हातून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. कमळाबाईंनी भाकर आणि प्याला उशाशी ठेवला. मी खिडकीबाहेर पडवीत उभी होते.

“सुकलू, तूच दे,” साहेब म्हणाले.

“मले कुठी अधिकार हाय, साहेब? मले दीक्षा नाई.” त्यात टोमणा नव्हता. दीक्षा झालेल्या पाळकानंच ते द्यायचं, हे साहेबांनीच त्याला शिकवलं होतं.

साहेब रडू लागले. “मीच तुले अडवलं रे.”

“मले मालूम होतं.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“मी गेलो असतो, तं तुमाले कोनं नेलं असतं?”

सुकलूनं त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. भाकर तशीच राहिली. पूर ओसरायच्या आत साहेब गेले.

आता मी सुकलूच्या छपरीत असते. माझी चेन गंजली आहे, ब्रेक नावापुरते उरलेत. नवे पाळक मोटारसायकलवर येतात, जमेल तेव्हा. कुठे बाळाचा बाप्तिस्मा राहतो, कुठे म्हातारी प्रभुभोजनाविना जाते. सुकलू अशा आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसतो. त्याच्या हातात तेवढंच आहे.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला एवढी हळहळ वाटली नसती. लोकहो, कुणाला पुढे पाठवायचं हे तुमच्या हाती असेल, तर या भंगाराचं एवढं ऐका. ज्याच्यावाचून तुमचं पान हलत नाही, त्याची परीक्षा तुम्ही घेऊ नका. ती दुसऱ्या कुणाला घेऊ द्या.