पाटी कुठे ठोकायची?

समुद्रालगतच्या डोंगरातून दीपगृहाकडे जाणारी पायवाट लहान मुलांना झेपेल का, हे ठरवायचं काम भुंग्याच्या आईकडे आलं, तेव्हा ती हरखूनच गेली. काम देणारी तिची थोरली नणंद. नगरपालिकेत पायवाटांचं खातं तीच बघायची. चारही ऋतूंत एकेकदा चालून बघायचं, खटकेल ते सांगायचं. हिवाळ्यात तिचं 'हो' आलं तर 'मुलांसह चालण्यास योग्य' अशी पाटी, 'नाही' आलं तर वाट मुलांना बंद.

"पण मीच का, ताई?"

"अगं, शिकलेली आहेस, चौकस आहेस," नणंद म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

वसंतात निघाले. चार वर्षांचा भुंगा पुढे, त्याच्या जाकिटाची टोपी मुठीत धरून आई, आणि मागे बगलेत पाटी, ओठांत खिळे असे सुतारकाका. पहिल्याच वळणावर खाली समुद्र दिसला आणि तिने टोपी दोन्ही हातांनी धरली.

"इथे कठडा हवा. दोन्ही बाजूंना."

"डोंगराच्या बाजूने कोण पडणार, बाई?"

"आधी वर चढतात, मग पडतात!"

उन्हाळ्यात कठडा तयार होता. "कठड्याच्या फटीत मुलाचं डोकं अडकतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आत्ता तुम्हीच सोडवलंत ना त्याचं!"

पानगळीत ओल्या पानांवरून तिचा पाय सरकला. मग पायऱ्यांवर रबरी चटया आल्या, वळणावळणाला बाकं आली. पाटी दर खेपेला वर जायची आणि खाली यायची. सुतारकाका वैतागून म्हणाले, "आता फक्त छप्पर राहिलंय!"

"होईल का?" तिने आशेने विचारलं.

मग मात्र त्यांचा तोल सुटला. "ताई म्हणाल्या होत्या, गावातली सगळ्यात घाबरट बाई शोधू. ती चालली की सगळं जग चाललं. शोधायला त्यांना घराबाहेरही जावं लागलं नाही!"

भुंग्याची आई लालबुंद झाली. हिवाळ्यात काय वाटेल ते होवो, डोळे मिटून 'हो' म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं.

हिवाळ्यात भुंग्याने पहिल्याच बाकावर बैठक मारली. "मी नाही येत."

"का रे, सोन्या?"

"इथे पडायला काहीच नाही."

तेवढ्यात कठड्यापलीकडे, डोंगराच्या अंगाने मेंढ्यांची रांग निघाली. भुंगा कठड्याखालून सुळकन पलीकडे. ती ओरडत कठड्यावर चढली, कोट अडकला, एक बटण तुटलं आणि ती चिखलात बदकन बसली. पुढे दगड, काटक्या, बर्फाचा कुरकुरीत पापुद्रा. अर्धी वाट तिने बसूनच घसरत काढली.

"भुंग्या, हात धर!"

"कोणाचा?"

"माझा! मीच पडतेय!"

भुंगा हसून हसून लोळला. आणि मग तीही.

दीपगृहाशी नणंद आणि पाटी घेतलेले सुतारकाका वाट बघत होते. भावजयीचा अवतार बघून नणंद दचकली. "काय झालं? हो की नाही?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलगा पहिल्याच बाकावर बूड टेकून बसला होता, हे कसं लपवायचं?

"कठड्याच्या वाटेला नाही," ती म्हणाली.

सुतारकाकांच्या ओठांतले खिळे खाली पडले.

"आता आणखी काय राहिलं?" नणंदेने कपाळाला हात लावला.

"मुलं तिथे बसून राहतात. पाटी मेंढ्यांच्या वाटेवर ठोका."

"अगं, तू त्या वाटेने आलीस? घाबरली नाहीस?"

"मरणाची घाबरले! ताई, मी घरात स्टुलावर चढतानाही घाबरते. माझ्या घाबरण्यावरून वाटा ठरवायच्या, ही अक्कल तुमची. भुंगा मात्र एकदाही 'उचलून घे' म्हणाला नाही."

"आईच म्हणाली," भुंग्याने सांगून टाकलं.

नणंद खो खो हसत सुटली. "बरं बाई. जिंकलीस. मेंढ्यांची तर मेंढ्यांची."

सुतारकाका खिळे वेचून पाटी घेऊन निघाले. ते दोन पावलं गेले असतील नसतील, तोच मागून हाक आली.

"अहो काका, एकच राहिलं!"

काकांनी मान न वळवताच विचारलं, "बोला."

"मेंढ्यांना जरा हळू चालायला सांगता येईल का?"