एका गाण्यापुरता क्लॅरोनेट

मी एक जुना क्लॅरोनेट आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझं नाव कधी विचारलं नसेल. लग्नाच्या वरातीत लाल डगला घातलेला एक माणूस काळी, लांब नळी तोंडाला लावून पुढे चालतो आणि नवरदेवाचे मित्र त्याच्यासमोर धुंद होऊन नाचतात. ती नळी म्हणजे मी. ढोल, ताशा, झांजा सगळे माझ्या मागे. आवाज त्यांचा मोठा, पण गाणं माझं. मी फुशारक्या मारतो असं ढोल म्हणतो. म्हणू दे बिचाऱ्याला.

माझा जन्म मेरठचा. शिसवाच्या लाकडातून मला घडवलं, आतून गुळगुळीत केलं आणि अंगावर बोटांनी दाबायच्या चकचकीत चाव्या बसवल्या. तोंडाशी, म्हणजे माउथपीसवर, वेळूची एक पातळ पट्टी बांधली, तिला रीड म्हणतात. फुंकर आली की ती थरथरते आणि मी गातो. फुंकर नसेल तर मी नुसतं लाकूड. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या छातीवर अवलंबून आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कल्लप्पा मास्तरांच्या बँडचं छोटं ऑफिस आहे. तिथे मास्तरांनी मला धर्मपालच्या हातात दिलं. तेव्हा तो विशीतला होता. एरवी टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधायचा आणि लगीनसराईत मला घेऊन मोहोळ, माढा अशी गावं हिंडायचा. काय दम होता त्याचा! एकदा उंच सूर धरला की नाचणारे थकायचे, पण तो सूर सोडायचा नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो मान किंचित वर करून वाजवायचा, तेव्हा गच्चीवरच्या बायका हातातली कामं विसरून ऐकत उभ्या राहायच्या. माझा त्याच्यावर फार जीव होता. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता आमची एक चूक सांगतो. ती एकट्या धर्मपालची नव्हती, अख्ख्या बँडची होती. वरात निघण्याआधी वाजवणारे कोपऱ्यात उभे राहून बिडी ओढायचे. "बिडीनं दम गरम हुतो, मग सूर खुलतो," असं जुने लोक नव्यांना शिकवायचे. धर्मपालही शिकला. एक गाणं, मग एक बिडी, मग पुन्हा मी. त्याचे ओठ कधी रिकामे नसायचे. हळूहळू माझ्या लाकडात आणि पेटीतल्या मखमलीतही तो वास मुरला. मला वाटायचं, हा धर्मपालचाच वास. बिडी माझी सवत आहे, हे मला वीस वर्षं कळलं नाही.

ते कळलं मोहोळच्या एका लग्नात. धर्मपालने उंच सूर धरला आणि तो मध्येच तुटला. खोकत खोकत तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. ढोलवाल्याने प्रसंग ओळखून ठोका वाढवला, म्हणून वरात थांबली नाही. पण कुणीतरी त्याच्या खोकल्याची नक्कल केली आणि चारजण हसले. परतीच्या टेम्पोत बसताना धर्मपालने मला न पुसताच पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याला तीन रंगीत गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की त्यातल्या गोळ्या वर जातात. ज्याने वराती गाजवल्या, त्याने सगळा जोर लावला आणि एक गोळी जेमतेम वर गेली. घरी येऊन त्याने बायकोला, पारूबाईला, सांगितलं, "डॉक्टरीनबाई म्हनल्या, बिडी सुटली न्हाय तर क्लॅरोनेट कायमचा सुटंल." त्याच संध्याकाळी त्याने बिड्यांचं बंडल मोरीत भिजवून फेकून दिलं. पेटीत पडल्या पडल्या मला वाटलं, चला, आता हा सगळा माझा. किती भोळा होतो मी!

मित्रांनो, सवय सोडणं म्हणजे काय असतं, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. धर्मपालचे हात थरथरायचे. डोकं ठणकायचं. डोळ्याला डोळा लागत नसे. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट सरकवलं आणि मग स्वतःच ते जवळ ओढून मान खाली घालून जेवला. खोकला तर आधीपेक्षा वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की छाती साफ होताना असं होतं, काही दिवसांनी कमी होईल. तो दिवसभर बडीशेप चघळायचा, तांब्या तांब्या पाणी प्यायचा आणि ओढ असह्य झाली की घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचा.

पाचव्या दिवशी त्याने मला बाहेर काढलं. मी आनंदाने वेडा झालो होतो. त्याने मला ओठांना लावलं आणि तसाच थांबला. मग त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मला पलंगावर ठेवून तो बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. त्याने फुंकर मारली. तीच जुनी, धुराने भरलेली फुंकर. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. घर सापडल्यासारखं वाटलं. आजही त्या आनंदाची आठवण झाली की मला स्वतःचा राग येतो.

पारूबाईला दारातूनच वास आला. ती ओरडली नाही. त्याच्यासमोर बसली.

"ह्ये तोंडाला लावलं की बिडी आठवती गं," धर्मपाल म्हणाला. "दोनी एकाच ठिकानी बसल्यात, माझ्या व्हटावर."

"मग ह्ये बी ठेवा वर."

"ह्ये सोडून मी काय करू, पारू?"

"जगा की!"

धर्मपालने मला पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी माळ्यावर सरकवली.

माळ्यावर सात महिने होतो मी. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि माझं लाकूड कोरडं पडायचं. पण उन्हाचं मला काही वाटलं नाही. खाली धर्मपाल चालायचा, बोलायचा, जेवायचा आणि मला त्याची फुंकर मिळायची नाही, याचंच दुःख होतं. एकदा कल्लप्पा मास्तर घरी आले. "जयभीम, मास्तर," असं धर्मपालला म्हणताना मी ऐकलं आणि माझ्या चाव्या नुसत्या ताठ झाल्या. मास्तर म्हणाले, "तुज्याबिगर वरात मुकी वाटतीया रं. चल की." धर्मपालने चहाचा कप मास्तरांपुढे सरकवला. मग म्हणाला, "न्हाय जमायचं, मास्तर. तितं आलो की मी बिडी वडनार." मास्तरांनी चहा घेतला आणि ते गेले.

रोज सकाळी मला खालून एक आवाज यायचा. टक. यंत्रातली गोळी वर जाऊन आपटायची, तो आवाज. मग काही आठवड्यांनी टक, टक. आणि एका सकाळी तीनही गोळ्या वर गेल्या. कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी चैताली टाळ्या वाजवत ओरडली, "पप्पा, तिसरी गेली की वो!" सगळं घर हसत होतं. मी एकटा माळ्यावर होतो. त्याचा दम परत आला होता, पूर्ण भरलेला, आणि तो माझ्यासाठी नव्हता. इतकी ओढ मला आयुष्यात कधी लागली नव्हती.

चैतालीनेच एका रविवारी विषय काढला. "वास मखमलीला आन् माउथपीसला हाय, पप्पा. क्लॅरोनेटचा काय दोष?"

पारूबाई म्हणाली, "नगं गं बाई. परत सुरू व्हईल."

तिची भीती मला समजत होती. मलाही तीच भीती होती. पण चैतालीने मला खाली काढलं. जुनी मखमल फाडून तिने पेटीत धुतलेल्या टॉवेलचं मऊ अस्तर लावलं. मला आतून पुसून तेल लावलं, सावलीत ठेवलं आणि नवा माउथपीस आणला.

धर्मपालने मला हातात घेतलं. त्याने एक गाणं वाजवलं. उंच सूर आला आणि त्याने तो धरला. धरला म्हणजे असा धरला की शेजारच्या चिमाबाई लाटणं हातात घेऊन दारात आल्या. मग गाणं संपलं. आणि धर्मपालचा हात खिशाकडे गेला.

धर्मपालच्या कपाळावर घाम आला होता. "चैताली, घे ह्यो. आत ठेव," म्हणून त्याने पायात चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. पारूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गल्लीच्या टोकाला टपरी आहे. तासाभराने तो परत आला, बडीशेप चघळत. कुठे गेला होतात, असं तिने विचारलं नाही. विचारायला ती घाबरली असावी.

बडीशेपेने तोंडाचा वास लपतो, मित्रांनो. पण माझ्यात येतो तो श्वास छातीच्या तळापासून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपालने मला ओठांना लावलं, तेव्हा मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. फुंकर आली. त्यात धूर नव्हता. कशाचाच वास नव्हता. क्षणभर मला तो धर्मपाल ओळखूच आला नाही. मग मी गायलो, आणि पारूबाई चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसत ऐकत राहिली.

तेव्हापासून रोज एकच गाणं असतं. दमाचा प्रश्न नाही; दुसरं गाणं लावलं की बिडी आठवते, म्हणून तेवढंच त्याला पेलतं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं काही सोडत असेल, तर तो चिडेल, ताट सरकवेल, विचित्र वागेल. त्याला हसू नका. आणि तो लवकर पूर्वीसारखा व्हावा म्हणून घाई करू नका, तुमचा त्याच्यावर कितीही जीव असला तरी. हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या गाण्याची मला अजून तहान लागते. कधी कधी शेवटचा सूर संपल्यावर माझी रीड उगाच थरथरत राहते. पण मी मागत नाही. चैताली पेटी उघडते आणि मी मुकाट्याने आत जातो.