पहिला हात पोटात

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मुलींच्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात, माझ्यातून एक आकडा बाहेर पडला. तो चुकीचा होता. यजमान संघाची कर्णधार तो ऐकून मैदानाबाहेर गेली, बाकावर बसली आणि तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. तिला बाहेर जायचे काहीच कारण नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, गुणफलकाखालच्या लांब टेबलावर माझी जागा आहे. बास्केट कोणी केली, फाउल कोणाचा झाला, कोण आत आले, कोण बाहेर गेले, हे हॉलला सांगायचे, एवढेच माझे काम. अर्थात सांगतो माणूस. मी ते फक्त मोठे करतो. माणूस अडखळला तर अडखळणे मोठे होते, खोकला तर खोकला मोठा होतो. पदरचे काही घालायची मला सोय नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटात केसाइतक्या बारीक तारेचे वेटोळे बसवले, त्यावर पातळ पडदा ताणला, वर लोखंडी जाळी दाबली आणि जाळीशी तोंड नेऊन विचारले, "काय रे, जेवलास का?"

"अगं, तपासताना एक-दोन-तीन म्हणायचं असतं," शेजारची म्हणाली.

"आकडे काय, जन्मभर ऐकायचेच आहेत त्याला!"

त्या बाईंचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

हॉलमध्ये आलो तेव्हा मला ज्यांनी हातात घेतले त्यांना सगळे भोंगाकाका म्हणत. दिवसा ते एका विमा कचेरीत खालमानेने काम करायचे. सामन्याच्या दिवशी मात्र माझे बटण दाबले की त्यांची छाती पुढे यायची. त्यांचे काही नेम होते. चेंडू खेळात असेल तोवर माझे बटण बंद. चेंडू थांबला की बोलायचे, आणि पुन्हा सुरू व्हायच्या आत संपवायचे. आपल्या संघाने बास्केट केली तर आवाज लांबवायचा. पाहुण्यांनी केली तर लांबवायचा नाही, पण नाव गिळायचेही नाही. सामन्याआधी पाहुण्यांच्या बाकापाशी जाऊन ते प्रत्येकाला त्याचे नाव त्याच्याच तोंडून म्हणायला लावत. एकदा हरून निघालेल्या पाहुण्या संघाचे प्रशिक्षक टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "काका, आमच्या पोरांची नावं आमच्या घरच्या मैदानावरसुद्धा इतकी नीट घेत नाहीत हो." तेव्हा काकांनी रुमालाने माझी जाळी पुसली. कौतुक झाले की ते मलाच पुसायचे.

पुढे बिनतारी माइक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. हवा गेलेले चेंडू आणि फाटक्या जाळ्या माझ्या सोबतीला होत्या. काका अधूनमधून कपाट उघडत, मला बघत आणि पुन्हा बंद करत. मग एका सामन्यात त्या बिनतारीतून शेजारच्या सभागृहातले भाषण ऐकू येऊ लागले. फ्री थ्रो घ्यायला उभ्या असलेल्या मुलाच्या कानावर "आपली उणीव आम्हाला कायम भासेल" हे वाक्य पडले. त्याचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेबलावर होतो.

गेल्या हंगामात भोंगाकाकांचा आवाज बसू लागला. एका सामन्यात, मध्यंतराच्या आधी, तो वाक्याच्या मध्येच गेला. ओठ हलत होते आणि माझ्यातून नुसती हवा जात होती. टेबलाशेजारी कॉलेजच्या ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. मुले त्यांना शांतताबाई म्हणतात, कारण दिवसभर त्या हाच एक शब्द म्हणतात. सामना बघायला त्या आलेल्याच नव्हत्या. संघातल्या एकीने पुस्तक परत केले नव्हते आणि ती वाचनालयात हाती लागत नव्हती, म्हणून मैदानावर गाठायला आल्या होत्या. काकांनी इकडे तिकडे पाहिले आणि मला त्यांच्या हातात दिले.

"अहो, मला काय येतंय?" असे त्या माझ्यातूनच म्हणाल्या. सगळ्या हॉलने ते ऐकले आणि टाळ्या वाजवल्या.

काकांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधी होती, काढून टाकली. पण डॉक्टरांनी सांगितले की काही महिने अक्षरही बोलायचे नाही. काकू टेबलापाशी येऊन सांगून गेल्या, "काळजी करू नका, बरे आहेत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घरात माझं वाक्य पूर्ण होतंय."

तेव्हापासून शांतताबाई बोलू लागल्या. आवाज लहान, पण शब्द स्वच्छ. एकदा टेबलावर शेजारी बसणाऱ्या गुणलेखकाने त्यांना विचारले की, बाई, हा उद्योग कशाला मागे लावून घेतलात? तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं आयुष्य लोकांना गप्प करण्यात गेलं हो. मी बोलले आणि कोणी टाळी वाजवली, असं पहिल्यांदाच झालं. आता सुटत नाही." गुणलेखक हसला. त्या हसल्या नाहीत.

आता त्या शनिवारचे सांगतो. हॉलच्या गोंगाटात पंचांना तोंडाने सांगता येत नाही. फाउल झाला की ते टेबलाकडे वळतात आणि खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवतात. आधी दशकाचा हात, मग एककाचा. तेवीस असेल तर आधी दोन बोटे, मग तीन. आणि आपली भाषा उलटी चालते. तेवीस म्हणताना तीन आधी येतात आणि वीस मागून. हात आधी दोन दाखवतो, घाईतली जीभ त्या दोनालाच पुढे धरते आणि 'बत्तीस' म्हणून मोकळी होते. संघात तेवीस नंबर होती आणि बत्तीस नंबरही होती. बत्तीस म्हणजे कर्णधार. तिचे चार फाउल झालेले होते आणि पाचव्याला खेळाडू बाद होतो.

पंचांनी दोन बोटे दाखवली, मग तीन.

"बत्तीस नंबर, पाचवा फाउल," शांतताबाई म्हणाल्या.

प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला आणि बदली मुलगी आत पाठवली. गुणलेखकाने मान वर केली. "बाई, बत्तीस नाही, तेवीस! तिचा दुसराच!" पण तोवर चेंडू खेळात आला होता. चेंडू खेळात म्हणजे माझे बटण बंद. बाईंचा अंगठा बटणावर होता. पाहुण्यांनी एक बास्केट केली, पण करणारीचे नाव घेईपर्यंत चेंडू पुन्हा खेळात आला. लगेच दुसरी केली. चेंडू काही थांबेना.

"तुम्ही काही बोलू नका," गुणलेखक कुजबुजला. "चेंडू थांबला की मी तिला गुपचूप आत पाठवतो. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

चेंडू रेषेबाहेर गेला, शिट्टी वाजली. बाईंनी बटण दाबले.

"माझी चूक झाली. मघाचा फाउल तेवीस नंबरचा, दुसरा. बत्तीस नंबर खेळात आहे."

 कर्णधाराने टॉवेल भिरकावला आणि ती धावत आत आली.

सामना आपण दोन गुणांनी हरलो. प्रशिक्षक टेबलापाशी आले. ते ओरडले नाहीत. "ती बाहेर होती तेवढ्यात चार गुण गेले. दोनांनी हरलो. बाई, हिशेब तुम्हीच करा."

बाईंनी माझी वायर गुंडाळली. नेहमी गुंडाळतात त्यापेक्षा फार सावकाश.

सोमवारी क्रीडा संचालक त्यांना भेटायला हॉलमध्ये आले. माणूस वाईट नाही, पण घाईचा आहे. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पण संगणकाचा आवाज मिळतो आता. नंबर टाइप केला की बोलतो. घसा बसत नाही, गडबडत नाही."

"आणि टाइप करणारा चुकला तर?"

"तर चुकीचं बोलेल," संचालक म्हणाले आणि स्वतःच हसले. "पण ठामपणे बोलेल! असो. शुक्रवारी क्रीडा समिती बसते आहे, ती ठरवेल."

ते गेल्यावर कर्णधार आली. बाईंनी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, त्या झटापटीत मीही होते. मला वाटलं, माझेच फाउल मोजायला मी चुकले. रडूच आलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर पोरी म्हणाल्या असत्या की कर्णधाराला मोजता येत नाही."

"सामना गेला माझ्यामुळे."

"शेवटच्या मिनिटात मी दोन सोपे चेंडू घालवले, ते कुठे गेले मग? ते नका घेऊ तुमच्या नावावर. पुस्तक उशिरा दिलं तर तुम्ही आम्हाला सोडता का? मग आम्हीही तुम्हाला सोडणार नाही. पुढच्या शनिवारी बोलायचं."

गुरुवारी दुपारी शांतताबाई रिकाम्या हॉलमध्ये माझ्यापाशी बसल्या होत्या, तेव्हा भोंगाकाका आणि काकू आले. काकू आल्या आल्या म्हणाल्या, "शनिवारचं कळल्यावर यांना विचारलं, अहो, तुम्ही पंचांच्या त्या बोटांत कसे चुकत नव्हता? खांदे उडवले नुसते. यांनाच ठाऊक नाही! मग कपडे वाळत घालताना मी अचानक बोटं दाखवली, आणि बघते तर यांचा हात पोटावर."

काका मैदानाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी एक बोट दाखवले आणि तो हात पोटावर ठेवला. मग दुसऱ्या हाताची चार बोटे दाखवली आणि तो हात ओठांपाशी नेला.

"पहिला हात पोटात, दुसरा ओठात," काकूंनी अर्थ सांगितला. "आधी ओठातला बोलायचा, मग पोटातला."

"चौ... चौदा," शांतताबाई माझ्यातून म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. मग एक्केचाळीस. मग पंचवीस, बावन्न, चौतीस, त्रेचाळीस. सुरुवातीला बाईंचा हात खरोखर पोटावर जात होता. काकूंना हसू आवरेना. "अहो बाई, लोकांना वाटेल यांना मुरडा आला!" बाईही हसल्या. ते हसू माझ्यातून मोठे होऊन छतापर्यंत गेले. काका आवाज न करता हसत होते. हळूहळू बाईंचा हात टेबलावरच राहू लागला आणि आकडे सरळ येऊ लागले. शेवटी काकांनी भराभर बोटे बदलली, बाई भराभर बोलत गेल्या आणि एकही आकडा उलटा पडला नाही. काका टेबलापर्यंत चालत आले आणि त्यांनी रुमाल काढून माझी जाळी पुसली. मग थांबून रुमाल बाईंच्या हातात ठेवला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. माइक हाती आला की त्याच्यावर टकटक करू नका, फुंकर मारू नका. त्याने आत इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. माणसांशीही तसेच वागा. जो चुकतो आणि त्याच तोंडाने, त्याच आवाजात चूक सांगतो, त्याच्या हातून माइक काढून घेण्याआधी थोडे थांबा. त्याला शिकवणारे कोणी आहे का, ते पाहा.

समितीची बैठक आज दुपारी तीन वाजता सुरू झाली. सामना उद्या आहे. इलेक्ट्रिशियन मघाशी येऊन गेला. त्याने शिपायाला विचारले, "माइकची वायर टाकू की संगणकाची?"

शिपाई शेजारच्या बैठकीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून म्हणाला, "आत आवाज चढलेत. कर्णधार आणि प्रशिक्षक दोघंही आत गेलेत. तू दोन्ही टाक."

इलेक्ट्रिशियनने दोन्ही वायरी टेबलापर्यंत आणून जमिनीला चिकटपट्टीने पक्क्या केल्या. माझे बटण एकदा दाबून पाहिले. ते व्यवस्थित चालू आहे. बैठक अजून संपलेली नाही.