एनॉकची केझाया

“हळू घ्या की हो जरा. चहा सांडला सगळा.”

काठाला बांधलेल्या एका होडीच्या खिडकीतून टक्कल पडलेलं डोकं बाहेर आलं होतं. सिरिल हॅडननं हात वर करून माफी मागितली, पण इंजिनाचा जोर काही कमी केला नाही. त्याच्या लेखी तो हळूच चालला होता. उभा जन्म त्यानं लॉरी हाकली होती. इथं तर काठच्या वाटेवरून चालणारी एक बाई आणि तिचं लंगडं कुत्रं मघापासून त्याच्या बरोबरीनं येत होतं.

“ती पवनचक्की तिसऱ्यांदा दिसतेय,” त्यानं वाकून आत सांगितलं. “मघाशी डावीकडं होती, आता उजवीकडं. दारू पिऊन खणलाय का हा कालवा?”

“टेकडीच्या कडेकडेनं नेलाय,” आतून केझायाचा आवाज आला. “पाणी एका पातळीत राहायला नको? दोनशे वर्षांपूर्वी फावड्यांनी खणलाय तो. वाटेत येईल ती टेकडी कोण फोडत बसणार होतं?”

सकाळपासून ती आत बसून विणत होती. बाहेर डोकावलीसुद्धा नव्हती. सिरिल निवृत्त झाला म्हणून त्यांच्या लेकीनं, जॅनिसनं, ही आठवड्याची सहल ठरवून दिली होती. नॅप्टनजवळून निघायचं, दक्षिणेला जायचं, परत यायचं. आई नाहीच म्हणेल, अशी दोघांनाही खात्री होती. केझाया कालव्यावर जन्मली होती, कोळशाच्या होडीवर वाढली होती आणि लग्नानंतर तिनं कालव्याकाठी पाऊलही टाकलं नव्हतं. पण ती नुसतं “जाऊ की” म्हणाली आणि लोकर भरायला लागली.

पुढच्या वळणावर सिरिलनं होडी गाळात घातली. त्यानं इंजिन रेटलं. मागचं पाणी चहासारखं तांबडं झालं, होडी जागची हलेना. त्यानं आणखी रेटलं, तशी ती एका बाजूला कलली.

केझाया बाहेर आली. विणकाम तिनं छपरावर ठेवलं.

“सोड.”

“मी काढतो की.”

“सोड म्हणते ना.”

तिनं इंजिनाचा जोर पार उतरवला आणि उभी राहिली. काहीच करेना.

“आता काय?” सिरिल म्हणाला.

“काय न्हाई. तू रेटून रेटून खालचं पानी उपसलंस. ते माघारी येऊ दे.”

सिरिल तिच्याकडे बघत राहिला. गाळाचं त्याला काही वाटलं नाही. तिच्या तोंडून ‘न्हाई’ आणि ‘पानी’ ऐकून मात्र तो चमकला. पस्तीस वर्षांत ती असं बोलली नव्हती. लग्नानंतर वर्षभरातच तिनं गल्लीतल्या बायकांची बोली उचलली होती, आणि त्याला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

पाणी माघारी आलं. होडी आपण होऊन सरळ झाली. तिनं काठीनं काठाला हलका रेटा दिला, सुकाणूचा दांडा कमरेच्या मागं घेतला आणि त्याला टेकून उभी राहिली. हात मोकळेच. त्या हातांनी तिनं विणकाम उचललं. पुढचं वळण आलं तेव्हा ती नुसती एका पायावरून दुसऱ्या पायावर रेलली, आणि सत्तर फुटांची ती लांबट होडी मांजरासारखी वळली.

त्या दिवशी सिरिलला सुकाणू परत मिळालं नाही, आणि त्यानं मागितलंही नाही.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात कालवा गोठला होता. ख्रिसमसनंतर जो बर्फ धरला तो मार्च उजाडेपर्यंत सुटला नाही. कागदाच्या गिरणीला कोळसा पोचवणाऱ्या होड्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर अडकून पडल्या आणि गिरणीनं लॉऱ्या बोलावल्या. त्यातल्या एका लॉरीवर पंचवीस-सव्वीस वर्षांचा सिरिल होता. रोज तो त्या होड्यांशेजारून भरलेली लॉरी घेऊन जायचा. एनॉक बीची, केझायाचा बाप, बर्फावर उभा राहून लोखंडी टोकाच्या काठीनं होडीभोवतीचा बर्फ फोडत असायचा. सकाळी फोडलेला बर्फ संध्याकाळी पुन्हा धरायचा. त्यानं लॉरीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही.

एके दिवशी एक मुलगी रस्त्याच्या मधोमध आडवी आली. तिच्या आईची छाती भरून आली होती, श्वास घेता येत नव्हता. सिरिलनं कोळसा तिथंच रस्त्याकडेला उतरवला, म्हातारीला घोंगडीत गुंडाळून आपल्या शेजारी बसवलं आणि बॅनबरीच्या इस्पितळात नेलं. म्हातारी वाचली. मुलगी रोज दिसू लागली. बर्फ वितळला, तेव्हा गिरणीच्या साहेबानं एनॉकला सांगितलं की आता लॉरीच बरी पडते. त्या शरद ऋतूत सिरिलनं केझायाशी लग्न केलं.

एनॉकला नगरपालिकेचं घर मिळालं. सात वर्षं तो त्यात राहिला आणि त्यातच गेला. जावयाला तो कधी वाईट शब्द बोलला नाही. पण त्याच्या लॉरीत, आणि पुढं मोटारीत, तो कधी बसला नाही. पाऊस असला तरी चालत यायचा, चहा प्यायचा, चालत जायचा.

सिरिलनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं. कारण एका गोष्टीचा त्याला आयुष्यभर अभिमान होता. होडीवरच्या कपाटाएवढ्या खोलीत सहा माणसं झोपायची, तिथून त्यानं या पोरीला बाहेर काढलं होतं. घर दिलं, न्हाणीघर दिलं, गरम पाण्याचा नळ दिला. दारूच्या गुत्त्यात रंगात आला की तो सांगायचा, “माझी बायको मी पाण्यातून काढलेली आहे.” सगळे हसायचे. केझायाही हसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी समोरून एक जुनी कोळशाची होडी आली. काठाला राहणाऱ्या होड्यांना कोळसा नि गॅस विकत फिरणारी. सुकाणूवर पुरुषी टोपी घातलेली एक जाड म्हातारी होती. दोन्ही होड्या शेजारून जाऊ लागल्या, तशी तिनं डोळे बारीक केले.

“ए, तू एनॉकची केझाया न्हवं?”

केझायानं इंजिन मागं घेतलं. “लीआ? आगं, तू जित्ती हायस?”

“मला काय धाड भरलीय? तूच मेलीस आसं धरून आमी बसलो हुतो.”

दोघींनी होड्या एकमेकींना बांधल्या, तिथंच, कालव्याच्या मधोमध. मागून आलेल्या सुट्टीतल्या एका कुटुंबानं थोडा वेळ भोंगा वाजवला आणि मग नाद सोडून सँडविचं काढली. कोण कुठं गेलं, कुणाचा घोडा कुठं मेला, कुणी कुणाशी लग्न केलं, याची दोघींनी उजळणी केली. केझाया कमरेवर हात ठेवून, मान मागं टाकून हसत होती. सिरिल किटलीशेजारी उभा राहून ते हसू पाहत होता. गुत्त्यातलं हसू हे नव्हतं.

“आनी ह्यो?” लीआनं हनुवटीनं त्याच्याकडे दाखवलं. “ह्योच का त्यो लॉरीवाला?”

“ह्योच.”

“बरा दिसतोय की. मला वाटलं हुतं शिंगं असतील.”

“चहा घेणार?” सिरिलनं विचारलं.

“घेते की,” लीआ म्हणाली. “लॉरीनं आनलेला असला तरी घेते.”

संध्याकाळी ते गिरणीपाशी पोचले. गिरणीच्या जागी आता घरं झाली होती. विटांचा एक धक्का तेवढा उरला होता, त्यावर कुणीतरी फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. केझायानं होडी बांधली. दोघं छपरावर पाय सोडून बसले. सिरिल उकडलेले बटाटे आणि सॉसेज ताटलीत घेऊन आला.

“एवढं आवडत होतं तुला हे,” तो म्हणाला.

“हं.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

केझायानं बटाटा मोडला. “तू घर दाखवायला नेलंस मला. आठवतंय? न्हाणीघरातला नळ उघडून दाखवलास. गरम पाणी आलं. मग बंद केलास आणि पुन्हा उघडलास, मला वाटू नये की एकदाच येतं म्हणून.”

“मग?”

“एवढ्या हौसेनं दाखवत होतास. त्यावर काय सांगायचं माणसानं?”

“पस्तीस वर्षं, केझाया.”

“वाईट गेली नाहीत रे ती. गरम पाणी मला आवडलंच. थंडीत तर फारच.” तिनं ताटली त्याच्याकडे सरकवली. “इथं हिवाळ्यात अंथरूण भिंतीला चिकटून गोठायचं, ते काय मी विसरले नाही. पण म्हणून आठवण येत नाही असं नसतं. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. खा.”

तो खात राहिला. ती पुन्हा घरच्या बोलीत बोलत होती, हे त्याच्या ध्यानात आलं. ती हे त्याच्यासाठी करत होती. आजवर तिनं त्याच्यासाठी काय काय केलं होतं, त्यातलं त्याला किती कळलं होतं, देव जाणे.

परतीच्या वाटेवर सिरिलनं लॉकची, म्हणजे होडीला खालच्या-वरच्या पाण्यात नेणाऱ्या दरवाज्यांची, कामं अंगावर घेतली. होडी यायच्या आधी पुढं चालत जायचं, झडपा उघडून पाणी सोडायचं, दरवाज्याच्या लांब तुळईला पाठ लावून ढकलायचं. दरवाजा घाईनं उघडत नाही, पाणी दोन्हीकडं सारखं झाल्याशिवाय तो हलतच नाही, हे त्याला पहिल्या दिवशी फार जाचलं होतं. आता तो तुळईवर बसून वाट पाहायला शिकला. गुडघे दुखत होते. वाटेवरून जाणारे त्याच्याशी हवापाण्याचं बोलत आणि तोही बोले.

शेवटच्या दिवशी नॅप्टनच्या पायथ्याचा शेवटचा लॉक मागं पडला. होडी जिथं परत द्यायची तो धक्का पुढच्या वळणापलीकडं होता. सिरिल पाय उचलून होडीत चढणार, एवढ्यात केझाया म्हणाली, “तू चालतोस का पुढं?”

“पुढं लॉक नाही आता.”

“ठाऊक आहे मला.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती समोर पाण्याकडे बघत होती.

“चालतो,” तो म्हणाला.

होडी निघाली. तो काठाच्या वाटेनं तिच्या बरोबरीनं चालू लागला. हा शेवटचा तुकडा तिला एकटीनं न्यायचा आहे, हे थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं पाऊल आवरतं घेतलं. होडी पुढं गेली. त्यानं आणखी आवरतं घेतलं. मग विटांच्या कमानीच्या पुलाखाली तो थांबला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

केझायाची पाठ त्याच्याकडे होती. दांडा कमरेशी, हात मोकळे. तिनं विणकाम घेतलं नव्हतं. इंजिनाचा टकटक आवाज हळूहळू लांब जात होता, आणि पाण्यावरची लाट दोन्ही काठांना लागून परत येत होती. ती उजव्या पायावर रेलली. होडी वळणामागं गेली. सिरिल पाणी पूर्ण निवळेपर्यंत तिथंच उभा राहिला.