अंगठ्यावरचा थेंब

माझ्यासमोर पाणी आणायचं नाही. म्हणजे प्यायला आणा, चहात घाला, पण दुधात घालून माझ्या टेबलावर ठेवू नका. कोल्हारच्या दूध संकलन केंद्रावर मी एकोणीस वर्षं दूध तपासतेय. आता मशीन आलंय, फॅट किती, डिग्री किती, सगळं आकड्यात दाखवतं. पण मशीनच्या आधी मी डाव्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेते. दूध खरं असलं तर थेंब नखावर बसून राहतो, पाणी असलं की पळतो. पळाला, की त्या माणसाचं नाव फळ्यावर खडूनं लिहायचं, पुढं ‘पाणी’ लिहायचं, आणि संध्याकाळचं दूध सुरू होईपर्यंत ते पुसायचं नाही. हा नियम मीच घातलाय. माझा सख्खा दीर रामहरी, त्याचंही नाव एकदा लिहिलंय. दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. नको बोलू म्हटलं.

तर अशा बाईच्या पुढ्यात माझ्या मुलीनं, माधुरीनं, एक तपकिरी बाटली आणून ठेवली. अंगठ्याएवढी बाटली, तीस मिली. म्हणाली, “सीरम आहे. चेहऱ्याला लावायचं.”

“केवढ्याला?”

“अठराशे नव्वद.”

मी बाटली उचलली आणि लगेच खाली ठेवली. फुटली असती तर!

माधुरी संगमनेरला एका कॉस्मेटिकच्या दुकानात काउंटरला लागली होती. तीन महिने बघू, मग कायम करू, असं मालकाचं बोलणं. तिसरा महिना चालू होता आणि या महिन्यात तिला या सीरमच्या बारा बाटल्या खपवायच्या होत्या. आठ खपल्या होत्या. राहिलेल्या चार आमच्या कोल्हारातल्या चौघीजणी घेणार होत्या, पण त्यांचं म्हणणं एकच, सीमा, म्हणजे मी, हो म्हणाले तर घेऊ. बारा झाल्या नाहीत तर काउंटरवर मालकाची पुतणी येणार होती. पोरीनं संगमनेरात खोली घेतली होती, पहिल्या पगारातून स्वतःसाठी गादी घेतली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच मी जास्त सावध झाले. गरज असलेला माणूस पाणी घालतो, हे मी एकोणीस वर्षं बघतेय.

“हायड्रेटिंग म्हणजे काय गं?” मी खोक्यावरचं वाचत विचारलं.

“कातडीला पाणी देणारं.”

“आणि हे आत काय काय आहे लिहिलंय? पहिलंच, अ‍ॅक्वा?”

माधुरीनं भिंतीकडं बघितलं. “पाणी.”

“पहिलंच पाणी?”

“जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहितात, आई.”

“बरं आहे बाई! आमचे लोक निदान लपवून तरी घालतात. हे छापून घालतात आणि वर अठराशे नव्वद घेतात.”

“आई, लावून तर बघ. पंधरा दिवस. नाही आवडलं तर नाही म्हण. पण बघितल्याशिवाय नाही म्हणू नकोस.”

हे तर माझंच वाक्य. मी नखावर थेंब घेतला. थेंब बसला. बोट तिरकं केलं, उलटं केलं, तरी जागचा हलला नाही. डिंक घातला असेल, असं मी मनात म्हटलं, पण तोंडानं म्हणाले, “थेंब पास. आता गाल बघू.” ठरलं असं, की रोज डाव्या गालाला सीरम लावायचं आणि उजव्या गालाला काहीच नाही.

माझी सासू चांगुणाबाई चुलीजवळ बसून हे सगळं ऐकत होती. पंच्याहत्तरीची आहे, कान शाबूत आहेत. तिनं विचारलं, “पोरी, ह्यानं हुतं काय?”

माधुरीला दुकानातलं पाठ होतं. म्हणाली, “आजी, मेलेली कातडी जिवंत होते यानं.”

“व्हय?” म्हणाली म्हातारी, आणि परत भाकरी थापायला लागली.

बाटली मी फळीवर आरशामागं ठेवली. रोज पहाटे केंद्रावर जायच्या आधी दोन थेंब डाव्या गालाला. मग दिवसभर रांगेतल्या बायका माझं तोंड बघायच्या. मी दूध बघायचे, त्या गाल बघायच्या. पहिले दोन-तीन दिवस मुबारकबी म्हणाली, “डावा जरा मऊ दिसतो, सीमाताई.” मी म्हटलं, तुला आधीच सांगितलंय कुठला गाल, म्हणून तसं दिसतं. तिला तिच्या मुलीसाठी, नाझनीनसाठी, बाटली घ्यायची होती, चौघींतली ती पहिली. आठव्या दिवसापासून कुणी काही म्हणेना. मी स्वतः आरशात बघायचे, हात फिरवायचे. दोन्ही गाल सारखेच कोरडे. उन्हाचे, वाऱ्याचे, एकोणीस वर्षं पहाटे बाहेर पडणाऱ्या बाईचे गाल.

बाराव्या दिवशी सकाळी मुबारकबीनं किटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मंग? घिऊ का न्हाई? पोरगी डोस्कं खाती माजं.”

मागं सविता मॅडम उभ्या होत्या, शाळेतल्या. त्याही चौघींतल्याच. रांगेतल्या सगळ्यांचे कान माझ्याकडं. मी काय करणार? मी जे लावलं तेच सांगणार ना? म्हणाले, “नका घेऊ. पाणी आहे नुसतं.”

चार बाटल्या गेल्या, हे बोलतानाच कळत होतं. पण खोटं कुठं बोलले होते?

दुपारी माधुरीचा फोन आला. चौघींनीही नको कळवलं होतं. पोरगी रडत नव्हती, हेच मला जड गेलं.

“आई, पाणी कसं म्हणालीस? माझ्यासमोर थेंब ठेवला होतास ना नखावर?”

“हो, ठेवला होता.”

“मग परत ठेव.”

फोन कानाशी खांद्यानं दाबून मी बाटली काढली. नखावर थेंब घेतला. बोट जरा तिरकं केलं आणि थेंब सरळ मनगटावर. दुसरा घेतला, तोही पळाला. माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षांची सवय, थेंब पळाला की समोरचा माणूस चोर.

“माधुरे, यात पाणी घातलंय.”

“काय?”

“मला शिकवू नकोस. पहिल्या दिवशी घट्ट होतं, आता पाणी आहे. रविवारी तू घरी आली होतीस. बाटली तुझ्या हातात होती, मी बघितलं. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला कमी पडलं म्हणून यातलं काढलंस ना? आणि आईला काय कळतंय म्हणून वर पाणी घातलंस?”

ती हळू आवाजात म्हणाली, “आई, तू मला रांगेत उभं केलंस.” आणि फोन ठेवला.

मी तिथंच बसले. चूक तिची आहे असं स्वतःला सांगत होते, पण एक गोष्ट टोचत होती. पहिल्या दिवशी पास झालेल्या बाटलीवर मी पुन्हा नख लावलंच नव्हतं. रामहरीच्या दुधाला मी रोज नख लावते. घरातल्या बाटलीला अकरा दिवस नाही लावलं.

दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन रेशन दुकानात गेले. हा दर महिन्याचा तमाशा. शेतातल्या कामानं म्हातारीच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्यात. मशीन अंगठा घेत नाही. सहा महिने झाले, एकदाही घेतला नव्हता. मग माझ्या नवऱ्याच्या, महेंद्रच्या, मोबाईलवर ओटीपीचा नंबर यायचा आणि महेंद्र टेम्पो घेऊन कुठं नाशिकला, कुठं मनमाडला. तो फोन उचलेपर्यंत म्हातारी कट्ट्यावर बसून राहायची. मागच्या महिन्यात दुकानदार गोरक्षनाथ हसत हसत म्हणाला होता, “आजी, तुमच्या अंगठ्याची कातडी मेली.” त्याला काही वाटलं नाही. म्हातारी त्या दिवशी जेवली नव्हती.

या वेळी गोरक्षनाथनं मशीन पुढं केलं आणि दुसऱ्या हातानं महेंद्रचा नंबर काढायला लागला. सासूनं अंगठा ठेवला. मशीन वाजलं.

“आयला!” गोरक्षनाथ म्हणाला. “पहिल्याच झटक्यात! आजी, काय लावलं अंगठ्याला?”

सासूनं हात पटकन पदराखाली घेतला.

एवढंच. पण कुणी किटली पदराआड केली की मला जे कळतं, ते तिथं कळलं. मी दुकानात काही बोलले नाही. धान्य घेतलं, घरी आलो, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “आत्या, हात दाखवा.”

तिनं दाखवला. उजव्या हाताची चार बोटं खरबरीत, भेगाळलेली. अंगठा तेवढा मऊ. धुतलेल्या बाळाच्या टाचेसारखा मऊ.

“रोज?”

“सकाळ-संध्याकाळ. तू केंद्रावर गेली की.” ती खाली बघून बोलत होती. “माधुरी म्हन्ली ना, मेलेली कातडी जिती हुती. आन गोरख्या म्हन्ला, मेली. म्या म्हनलं, लावून बघावं.”

“मला सांगायचं होतं ना!”

“काय सांगू? नातीची म्हागाची बाटली, म्हातारीनं अंगठ्याला लावली? हसली असती तू.” मग तिनं डोळे पुसले. “सीमे, तुला न्हाई कळायचं. त्या मशीनीवर अंगठा ठिवला आन ती न्हाई म्हन्ली, की वाटतं आपून हायच न्हाई. समद्यांसमोर म्हनती ती, ही बाई न्हाई म्हनून.”

मला राग आला होता. तो कुठं गेला कळलंच नाही. तरी विचारलं, “आणि पाणी?”

“जेवडं काडलं तेवडं घातलं. माठातलं. बाटली कमी दिसली आस्ती. तू येवडी पानी धरनारी, लई भ्याले म्या.” तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. “पर तुला कळलंच न्हाई गं.”

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. खरंच नवल वाटलं होतं तिला. मला मात्र ते इथं लागलं, छातीत.

म्हणजे हिशेब असा झाला, की सीरम म्हातारीच्या अंगठ्यानं वापरलं, आणि मी निम्मे दिवस माठातलं पाणी गालाला लावून त्याचा निकाल दिला. भर रांगेत दिला. आणि माझ्या पोरीला चोर ठरवलं. माधुरीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही उचलला. मग बसून मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. ‘चुकले’ एवढंच राहिलं शेवटी, तेच पाठवलं.

पण चोर मी तिला घरात म्हटलं होतं आणि पाणी म्हटलं होतं गावात. गावातलं गावातच फिटायला पाहिजे ना?

सकाळी केंद्र उघडलं. पहिली किटली यायच्या आधी फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘सीमा महेंद्र. पाणी.’

रामहरी पहिला आला. वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. मला वाटलं आता हसतोय. हसला नाही. मुबारकबीनं तर किटली हातात धरूनच विचारलं, “अल्ला! तुमचं दूध कदी आलं इतं?”

मी सगळ्यांना सांगितलं. बाटलीत पाणी पडलं होतं, माझ्या घरात पडलं, मी तपासलं नाही. कुणी घातलं हे सांगितलं नाही, ते सांगायची गरज नव्हती. केंद्राचे अध्यक्ष आबासाहेब आतून धावत आले. “ताई, पुसा ते. तपासणाऱ्या बाईचंच नाव? लोक काय म्हणतील केंद्राला?”

“रामहरीचं पुसलं होतं का तुम्ही, त्यानं हात जोडले तेव्हा?”

ते आत निघून गेले. रामहरी दुधाची पावती घडी करत उभा राहिला, बराच वेळ उगाच.

“मंग बाटली चांगली हाय म्हनायची?” मुबारकबीनं विचारलं. “घिऊ?”

हो म्हणाले असते तर चारही खपल्या असत्या. ‘हो’ अगदी जिभेवर आलं. पोरीची गादी, खोली, काउंटर, सगळं डोळ्यांपुढं आलं. म्हातारीचा अंगठाही आला. पण एक अंगठा म्हणजे गाल नव्हे, आणि चार आण्याच्या खोबरेल तेलानंही तो मऊ झाला असता की नाही, हे मी कुठं तपासलं होतं?

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “माझा नमुना नासला. कळेल तेव्हा सांगेन.”

“हो म्हणाली असतीस तरी चाललं असतं, आई.”

मागून आवाज आला. माधुरी दारात उभी होती, खांद्याला पिशवी. संगमनेरहून पहिल्या गाडीनं आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं फळा वाचला होता हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. रांग होती, दूध नासून चाललं होतं, आणि मी हातात खडू धरून उभी.

तिनं पिशवीतून एक बाटली काढली, वरचं सील तसंच असलेली. माझ्यापुढं धरली.

“अजून पंधरा दिवस?” मी विचारलं. “आणि महिना? तो तर सहा दिवसांत संपतोय.”

“संपू दे.” ती म्हणाली. मग फळ्याकडं बोट केलं. “हे कधी पुसतात?”

“संध्याकाळचं दूध सुरू होताना.”

तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली, माझ्या टेबलाशेजारचं स्टूल ओढलं आणि रांगेकडं तोंड करून बसली.

“मग मी थांबते तोपर्यंत,” ती म्हणाली.