मान हलवणारा फॅन

मी टेबल फॅन बोलतोय. घरघर जरा जास्त आहे, तेवढी सांभाळून घ्या.

हळद चांगली विकली त्या वर्षी नर्मदाबाईंनी मला हिंगोलीच्या बाजारातून शिरड शहापूरला आणलं. निळी पाती, पांढरी जाळी आणि फिरती मान. फिरती मान म्हणजे काय, समजलात ना? एका जागी बसून दोन घरांतलं दिसतं! नर्मदाबाईंनाही हाच नाद, त्यामुळं आमचं छान जमलं. त्या दारात बसायच्या, मी त्यांच्या मागं. समोर तांड्याचं पहिलं घर, पेमा आणि जिवनबाईचं. आज भाजी कुठली, पाहुणा कोण, आम्हा दोघांना बराबर ठाऊक.

दोन हजार एक साली पेमा-जिवनबाईची शितल वसमतच्या कॉलेजात जायला लागली. सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर पुढं शिकायचं, नाही तर आईबापासंगं ऊसतोडीला. म्हणून घरची परिस्थिती बघायला साहेब येणार होते.

आता साहेब घरी येणार म्हटल्यावर माणूस काय करतं? घर सजवतं! जिवनबाई धावतच आली. "नर्मदाबाई, साहेब येऊन राहिले. तुमचा फॅन द्या की घडीभर."

"ने की. पण तुझ्या घरात लाईट कुठं हाये?"

मग आमच्याच घरातून गल्लीवरून वायर ओढली. भिवाजी मास्तरांची खुर्ची आली, रुख्मिणीबाईच्या फुलाफुलांच्या कपबशा आल्या, किसनसिंगाची सतरंजी आली. कुणीतरी भिंतीवर घड्याळसुद्धा टांगून गेलं.

शितल कळवळून म्हणाली, "आई, काहून आणून राहिलीस हे? त्यांला गरिबी बघायचीय!"

"बघतील की. पण आपल्या दारी आलेल्या माणसानं घामात बसावं व्हय?"

साहेब आले. खुर्चीत बसले, माझ्यासमोर शर्टाचं बटण सोडलं, चहाचा घोट घेतला आणि चौफेर बघून म्हणाले, "पेमाभाऊ, तुमचं तर झकास चाललंय. अशा कपबशा माझ्या घरी नाहीत! शिष्यवृत्ती गरिबांसाठी असते."

पेमाचं तोंड एवढंसं झालं. शितल चुलीकडं तोंड करून उभी राहिली. मी जीव तोडून मान हलवत होतो, न्हाई, न्हाई, न्हाई! पण फॅननं मान हलवली तर कोण मनावर घेतं?

दारात नर्मदाबाई उभ्याच होत्या. "ओ साहेब! फॅन माझा हाये!" म्हणत त्यांनी घरी जाऊन वायरच उपटली. मग काय, सगळी गल्ली आत घुसली.

"घड्याळ आमचं!"

"उठा साहेब, खुर्ची माझी."

किसनसिंगानं पायाखालची सतरंजी ओढली. रुख्मिणीबाई हात पुढं करून उभी. "संपवा सावकाश. पण कप द्या."

साहेबांनी चहाकडं बघितलं. "साखर तरी यांची?"

"नर्मदाबाईची," जिवनबाई म्हणाली.

"दूध?"

"किसनसिंगाच्या म्हशीचं."

साहेब घामानं निथळत होते. चारी भिंती उघड्या. ते वैतागून म्हणाले, "आणि पोरगी? ती तरी तुमची का?"

"व्हय. पोरगी आमची," जिवनबाई म्हणाली. "तेवढी आमचीच."

साहेबांनी कागद भिंतीला टेकवला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. माझी वायर उपटलेली होती ते बरं झालं. नाही तर 'पोरगी आमचीच' म्हटल्यावरही मी न्हाई-न्हाई करत बसलो असतो!

शिष्यवृत्ती आली. शितल शिकली आणि आता हिंगोलीत शाळेवर शिकवते. आईच्या घरी तिनं छताचा पंखा लावलाय. माझी मान जाम झालीय, नेमकी जिवनबाईच्या दाराकडं वळून. नर्मदाबाईंच्या मानेलाही डॉक्टरनं पट्टा दिलाय. आम्ही दोघं एकाच दिशेला बघत बसतो.

परवा भंगारवाला मला उलटापालटा करून बघत होता. तेवढ्यात शितल एसटीतून उतरून आली आणि आधी नर्मदाबाईंच्या पाया पडली. भंगारवाल्यानं विचारलं, "पोरगी तुमची का, बाई?"

"आमचीच," नर्मदाबाई बेधडक म्हणाल्या.

मला भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण एक सांगून जातो. नर्मदाबाई 'आमचीच' म्हणाल्या तेव्हा माझी मान जाम होती म्हणून हलली नाही, असं समजू नका. चालू असती तरी मी हलवली नसती.